डावा खांदा, उजवा खांदा

"गाडी मीच चालवत होते," तामुना पुन्हा म्हणाली. कोट काढताना तिचा उजवा खांदा ठणकला, तशी ती ओठ चावून थांबली.

विमा कंपनीकडून चौकशीला आलेल्या तुलिओला वाटलं, संपलं प्रकरण. कब्रस्तानाच्या भिंतीवर गाडी आदळली तेव्हा स्टिअरिंगवर कोण होतं, एवढंच विमा कंपनीला हवं होतं. पण त्याच्या वरिष्ठ, इल्देबाई, जागच्या हलेनात.

जॉर्जियाहून आलेली ही पोर मोरेत्तींच्या घरी राहून लहानग्या बियाला सांभाळायची. बियाच्या वडिलांनी, दारियोने, गेल्याच महिन्यात तिचं नाव गाडीच्या विम्यावर चढवलं होतं, तेही आपल्या बापासाठी. एर्मेस आजोबांना सगळ्याचा विसर पडू लागला होता, लायसन्स गेलं होतं. आजीच्या थडग्यावर त्यांना आता तामुनाने न्यायचं, असं ठरलं होतं.

"बाबांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला तर वृद्धाश्रम, हे मी बजावलंय," दारियो म्हणाला. "आणि हिला उद्याच घरी धाडतो. माझी बिया गाडीत असती म्हणजे?"

"मी तर घरीच होतो," शेगडीपाशी डावा खांदा चोळत आजोबा कडाडले. "गार वाऱ्याने खांदा धरलाय. या भवानीने माझी गाडी फोडली!"

तामुनाने मान खाली घातली.

अंगणात चेपलेली गाडी उभी होती. डावीकडे, ड्रायव्हरच्या पायाशी, सगळं स्वच्छ. उजव्या सीटखाली मात्र माती, शेवंतीच्या पाकळ्या, फुटकी कुंडी.

"मृतांचा सण आलाय ना परवा, थडग्यावर शेवंती न्यायचा. कुंडी शेजारच्या सीटवर ठेवली असेल," तुलिओ म्हणाला.

"तुझी बायको ठेवते सीटवर?" इल्देबाईंनी विचारलं.

"छे! मांडीवर धरून बसते."

"मग?"



आजोबा कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात इल्देबाईंनी हळूच सांगितलं, "पट्टा दाराच्या बाजूने येतो. डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरचा डावा खांदा काचतो, शेजारच्याचा उजवा. तामुनाचा उजवा दुखतोय, मांडीवर कुंडी होती. डावा कोण चोळत होतं, दारियो?"

दारियोने खिडकीतून कोंबड्यांपाशी उभ्या बापाकडे पाहिलं.

"आजीला फुलं मीच नेणार म्हणून आजोबा रडले हो," तामुनाला हुंदका फुटला. "मला नाही म्हणवलं नाही. आदळल्यावर मलाच विचारतात, 'हे कुणी केलं गं?' काय सांगू? लोक जमायच्या आत घरी पोचवलं त्यांना."

"आणि रोज शिव्या खाल्ल्यास?" तुलिओने विचारलं.

"ते विसरतात. मग पुन्हा नव्याने चिडतात."

तुलिओला तिच्याकडे बघवेना.

"कंपनीला खरं तेच कळवा," दारियो म्हणाला. एवढ्यात आजोबांनी दार उघडलं.

"सापडला का माझी गाडी फोडणारा?"

तामुनाने तोंड उघडलं, पण दारियो आधी बोलला. "मी फोडली, बाबा."

"तू?" म्हातारा गरजला. "गधड्या! पुन्हा स्टिअरिंगला हात लावलास तर घराबाहेर काढीन. यापुढे ही पोरगीच चालवेल."

"हो बाबा," दारियो म्हणाला, आणि बापाच्या डाव्या खांद्यावर तेल चोळता चोळता लहान पोरासारखा रडू लागला.