कुओर्वी तळ्यातले खडे

मी घाबरट बाई नाही, हे आधीच सांगते. माशांच्या उबवणी केंद्रात हिवाळेच्या हिवाळे काढायचे, तर तसं असून चालत नाही. त्या दुपारी मी निघाले होते ते फक्त पाण्याचं तापमान बघायला. दुपार आपली म्हणायची; डिसेंबरात इतक्या उत्तरेला आमच्या कुओर्वी तळ्यावर सूर्य डोकं वर काढतच नाही. जेवणाच्या वेळीही खिडकीबाहेर मिट्ट काळोख असतो.

तौनो, माझा जोडीदार, स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत होता. "हेल्वी, हळू जा हं," तो म्हणाला. "म्हातारीची लेकरं झोपलीत."

म्हातारी म्हणजे आमची निएरिया, तांबड्या पोटाची थंड पाण्यातली मासोळी. कुओर्वीतली शेवटची मादी. ऑक्टोबरात आमच्या जाळ्यात नर आले, पण मादी ती एकच. तिचं पोट हलकेच दाबून आम्ही अंडी काढून घेतली, कोरड्या भांड्यात नराच्या वीर्याबरोबर पिसानं ढवळली, आणि म्हातारी माझ्या हातातच गेली. अभ्यासासाठी तिला उबवणीच्या खोलीतल्याच फ्रीझरमध्ये ठेवलं. आता तिच्या वंशाचं जे काही होतं, ते कोपऱ्यातल्या एका ट्रेमध्ये होतं. ती अंडी गेली की तळ्यातली निएरिया कायमची संपली.

आतल्या पिल्लाचे डोळे दिसायला लागेपर्यंत या अंड्यांना जरासा हादरा बसला तरी ती मरतात. म्हणून आम्ही तिथे चवड्यांवर चालायचो, कुजबुजत बोलायचो. तौनोनं तर कहरच केला होता. पाणी थांबलं की वाजणारी एक मोठी घंटा भिंतीवर होती. तिच्या दणक्यानं अंडी दगावतील म्हणून पठ्ठ्यानं तिच्यात आपला लोकरी मोजा कोंबून ठेवला होता. मला तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं.

मी दार उघडलं आणि जागीच थबकले. पाण्याचा आवाज नव्हता.

तळ्यातल्या पाइपचं तोंड बर्फाच्या भुग्यानं तुंबलं असणार... कधीपासून, कोण जाणे. कपाळावरचा लाल दिवा लावला. पांढरा उजेड अंड्यांना सोसत नाही. दाराजवळचे, दुसऱ्या माशांचे ट्रे कोरडे पडले होते. अंडी पांढरीफटक. सगळी मेलेली.

तेवढ्यात आतून आवाज आला. सप्... सप्... ओल्या वाळूत कोणी शेपटी आपटावी तसा. आणि वास आला, तळ्याच्या तळाचा, गार गाळाचा. त्या दिवसांत तो वास येतो कुठून? सगळं तर बर्फाखाली बंद असतं.

"कोण आहे?..." मी कुजबुजतच विचारलं.

सप्... मग काहीच नाही.

पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते. पण तो कोपरा त्याच ट्रेचा होता. पाय ओढत मी गेले.

ट्रे खड्यांनी भरला होता. गोल, गुळगुळीत, ओलेचिंब खडे, एकावर एक बसवलेले. असे फिकट खडे कुओर्वीच्या एकाच उथळ जागी मिळतात, जिथे निएरिया अंडी घालते. त्या जागेवर तेव्हा कमरेइतका बर्फ होता.

माझी हाक ऐकून तौनो आला तो सुपाची पळी घेऊनच. ट्रे बघून त्याचा चेहरा उतरला.

"ही कसली थट्टा, हेल्वी?"

"मी करीन? इथे मी शिंकसुद्धा दाबून धरते!"

"मग कोणी..."

त्यानं खड्यांच्या फटीत हळूच बोट घातलं. "ओल आहे गं... खाली पाणी धरून राहिलंय."

मी दिवा फटीशी नेला. आत अंडी होती. एकही पांढरी पडलेली नाही.

अंडी घातली की मादी शेपटी आपटून आपटून त्यांच्यावर खडे लोटते. हे आम्ही दोघं शाळांतून मुलांना शिकवतो.

तौनोची नजर फ्रीझरकडे गेली. "उघडून बघू या?..."

"नको." मी त्याचा हात धरला. "नको रे. अंडी जगलीत. तेवढं पुरे."

आम्ही पाइप मोकळा केला, घंटेतला मोजा काढला. पाणी पुन्हा वाहायला लागलं. खड्यांना हात लावायची छाती मात्र दोघांचीही झाली नाही.

सूर्य परतला त्या आठवड्यात आम्ही ते एकेक करून उचलले. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके होते. डोळे! तौनो ढसाढसा रडला आणि मीही रडले. त्यात लाज कसली? आता ही पिल्लं वाढणार होती, तळ्यात जाणार होती. कुओर्वी तळं रिकामं राहणार नव्हतं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मी आणखी वाकून पाहिलं. ते सगळे डोळे एकाच जागी लागले होते, आम्हा दोघांच्या मधे, जिथे कोणीच नव्हतं. मग ते फिरले. सगळे एकदम, सावकाश, ट्रेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, जवळून जाणाऱ्या कोणाला तरी बघत राहावं तसे.

"सरक," तौनो कुजबुजला. "वाट दे तिला..."

मी सरकले. गुडघ्यापाशी काहीतरी गार घासून गेलं, आणि माझी विजार तिथे ओली झाली.