उजवीकडचं दार

दादाची गाडी विकायची हे मी ठरवलं. दादा कसला ठरवतोय! मागे माशासारखे पंख असलेली, लांबलचक जुनी अमेरिकन गाडी. भंगारातून उचलून त्याने वर्षानुवर्षं खपून उभी केलेली.

स्टिअरिंग मात्र डावीकडे. आपल्या रस्त्यांवर म्हणजे पंचाईतच. पुढे ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही; दिसतं ते उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणून ती जागा वहिनीची. तिला गाडी लागायची, त्यामुळे गालात लवंग धरून बसायची आणि मान जराशी बाहेर काढून सांगायची, 'थांबा', नाहीतर 'चला'. एरवी दादा कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण त्या दोन शब्दांपुढे अगदी गोगलगाय.

वहिनी दुखण्याने गेली. वाटलं, आता गाडी उभी राहील. तर हा पठ्ठ्या एकटाच फिरायला लागला. मी चिडलो. म्हटलं, अरे, समोरचं दिसत नाही, ओव्हरटेक कसा करतोस, मरायचंय का?

"करतच नाही," तो शांतपणे म्हणाला. "ती अजून थांबाच म्हणते."

"कोण ती?"

"चला म्हणाली की जाईन."

अंगावर काटा आला माझ्या. माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी लगेच गिऱ्हाईक शोधलं. दादाने नाही म्हटलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. बॉनेट उघडून असे वाकले, की आता इंजिनाला आ करायला सांगतात की काय! मी गाडीतले बिघाड सांगून टाकले. पेट्रोलचा काटा हलत नाही, वायपर एकच चालतो आणि उजवीकडचं दार आतून उघडत नाही, बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं. बाकी गाडी दृष्ट लागण्यासारखी.

चक्कर मारायला निघालो. डॉक्टर स्टिअरिंगवर. मी त्यांच्या शेजारी बसायला गेलो, तर दादाने दंड धरला. "तिथे नको." मग स्प्रिंग तुटलीय अशी थाप मारून मी दादाजवळ मागे बसलो.

टळटळीत दुपार होती. काचा खाली होत्या, तरी आत लवंगेचा वास दाटला होता. मनात म्हटलं, दातांचा डॉक्टर, हाताला लवंगेचं तेल लागलं असेल. पुढे पत्रे भरलेला ट्रक खडखडत चालला होता. डॉक्टर कंटाळले, त्यांनी गाडी उजवीकडे काढायला घेतली. आणि त्या खडखडाटात, अगदी हलक्या आवाजात...

"थांबा..."

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. ट्रकच्या पलीकडून एक बस भर्रकन निघून गेली. तिच्या वाऱ्याने आमची गाडी हलली.

डॉक्टर आरशातून आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लवंग... कोण खातंय?"

दादा खिडकीबाहेर बघत होता.

तरी त्यांनी गाडी घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसंच. ठरल्या दिवशी दादा ती घेऊन पुढे आणि मी माझ्या छोट्या गाडीतून मागे, असे त्यांच्या दारात पोचलो. सबंध रस्ता तो एका टेम्पोमागे रांगत आला.

किल्ली दिल्यावर दादा वळसा घालून उजवीकडे गेला. त्याने ते दार बाहेरून उघडलं. एखादं माणूस सावकाश उतरेल इतका वेळ धरून ठेवलं, मग हळूच लावलं. आणि माझ्या गाडीत पुढे, माझ्या शेजारी येऊन बसला.

निघालो. मला अगदी हलकं वाटत होतं. भाऊ वाचला, सुटलो एकदाचा! दादाही कधी नव्हे तो गुणगुणत होता. रस्ता मोकळा, पुढे ना ट्रक ना सायकल.

आणि लवंगेचा वास आला. आता तर डॉक्टर नव्हते.

मागच्या सीटवरून कोणीतरी, घरातून निघताना म्हणावं इतक्या सहज म्हणालं,

"चला."

दादाने उजवा पाय खाली दाबला. त्याच्या बाजूला तिथे पेडल कुठलं, नुसती चटई. पण गाडी सुसाट सुटली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, तेव्हा कुठे ती रस्त्याच्या कडेला थांबली. मी दादाला हाक मारली, हलवलं. त्याचा पाय अजून तसाच दाबलेला होता. दादा गेला होता.

हृदय बंद पडलं, इस्पितळात म्हणाले. पडलं असेल. मी रडलो, आणि खरं सांगतो, त्या रडण्यात दुःखाइतकीच भीती होती.

आता मी एकटाच असतो गाडीत. माझं स्टिअरिंग उजवीकडे, मला पुढचं सगळं लख्ख दिसतं. ट्रकच्या पलीकडे रस्ता रिकामा असतो. तरी मी बाहेर काढायला गेलो, की मागून हलकेच येतंच...

"थांबा, भाऊजी."

मी थांबतो. मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात. देऊ देत. तिचा दुसरा शब्द कानावर यायच्या आत मला घरी पोचायचं असतं.