दोन माणसांचं काम

कार्तिकातली दुपार होती. वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन मिना तांड्यात शिरली, तर लिंबाखालच्या पिकअपमध्ये एक अनोळखी माणूस कमरेपर्यंत वाकलेला. बॉनेट उघडं, आणि बाहेर नुसती त्याची पाठ… घामानं शर्ट चिकटलेली, रुंद पाठ.

दोन वर्षं ती गाडी जागची हलली नव्हती. तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. घरातलं कुणी तिच्याकडे सरळ पाहतसुद्धा नसे.

मिनानं गाठोडं धप्पकन खाली टाकलं आणि ओसरीतल्या आईला, जिवनबाईला, बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत विचारलं, "हा कोण आणलाय? गाडीचं तोंड कुठं अन् शेपूट कुठं, एवढं तरी कळतं का याला?"

बॉनेटमधून डोकं वर न काढताच त्या माणसानं गोरमाटीतच उत्तर दिलं, "तोंड हेच हाय. शेपटीकडं नंतर जातो."

जिवनबाई पदरात तोंड लपवून हसली. मिनाचे कान तापले. तो सरळ उभा राहिला तेव्हा दिसलं… तीस वर्षांच्या आतला असेल, दाढी वाढलेली, कपाळावर काळ्या तेलाचं बोट उमटलेलं. नाव योगेश पवार. गोरेगावात गाड्या दुरुस्त करायचा. सेनगावकडच्या एका तांड्यातला, म्हणजे आपल्यातलाच. त्याचं गोत जिवनबाईनं पाणी देण्याआधीच विचारून घेतलं होतं.

"देविदासनं बोलावलं त्याला," बाप लखमा खाली बघत म्हणाला. "गाडी मोडीत काढायची. सामान सुटं करून नेईल."

"मोडीत न्हाई काढायची," मिना म्हणाली.

"पोरी…"

"बाबा, वहिनीला पाचवा लागलाय. फाल्गुनात काय डोक्यावर न्यायचं तिला? आपला रस्ता बघून जीपवाले इकडं येत न्हाईत."

ओसरीच्या कडेला बसलेला तिचा भाऊ देविदास उठला आणि शेताकडं चालू लागला. दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली त्याची बायको दिपा त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

योगेशनं हे सगळं पाहिलं. मिना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दिवस भरलेल्या बाईला निजवून न्यायचं, अन् तिच्या पोटातलं पाणी हलू द्यायचं न्हाई. अशी करता येते का ही गाडी?"

तो मागच्या चाकांशी गुडघ्यावर बसला. धुरावरच्या लोखंडी पाट्यांच्या कमानीवर त्यानं मुठीनं ठोकलं.

"हे पाटे माल वाहायचे हायेत. पोती भरली की दबतात. रिकामी असली की दगड. खड्ड्यात गेली की उडतीच." मग पुढं जाऊन त्यानं चाक फिरवून पाहिलं. "अन् ब्रेक एका चाकाला आधी धरतो, दुसऱ्याला मागून. गाडी बाजूला ओढत असंल."

मिनाचा चेहरा झरकन उतरला. ती हळू म्हणाली, "ओढते."

"मग बदलावं लागंल. पाटे, शॉकअप, ब्रेक… सगळं. पण मग पोती कमी बसतील."

लखमानं बराच वेळ विडी फिरवली बोटांत. मग म्हणाला, "पोती दोन खेपांत नेऊ."

ट्रॅक्टरला बांधून गाडी गोरेगावला गेली.

सामान जसं मिळेल तसं काम होत गेलं. अपघातात गेलेल्या एका नव्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक योगेशनं नांदेडहून शोधून आणले, ब्रेकला जोर देणारा त्याच गाडीचा बूस्टरही. प्रवासी जीपचे लांब, पातळ पाटे मिळाले हिंगोलीत. मिना दर बाजारला लखमाबरोबर यायची. लखमा समोरच्या हॉटेलात चहाला बसला की गावगप्पांतून त्याला दोन तास उठवत नसे. आणि मिना पत्र्याच्या शेडखाली उलट्या ठेवलेल्या टायरवर बसून योगेशचे हात पाहत राहायची.

हातच पाहण्यासारखे होते. गंजलेला बोल्ट सुटत नसला की तो त्याला शिवी देत नसे. तेल सोडायचा, थांबायचा, पुन्हा हलवून पाहायचा. जणू रुसलेल्या लेकराची समजूत काढतोय.

"एवढा वेळ काहून?" ती चिडवायची. "तोडून टाका की."

"तोडायला काय… एक घाव. पण मग त्या जागी दुसरं बसवायचं कसं?"

पाटे बसले त्या दिवशी मिनानं शेजारच्या घरून पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर आणली आणि हौद्यात चढून बसली.

"हे काय?"

"तपासणी. गावाच्या वेशीपर्यंत न्या अन् परत आणा. किती सांडतं बघते."

तो हसला. पहिल्यांदाच त्याचे पांढरेशुभ्र दात दिसले. गाडी निघाली. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला आणि तिसऱ्याला घागर अशी काही उसळली की मिना गळ्यापासून पायापर्यंत चिंब! परत आल्यावर ती खाली उतरली. ओढणीतून पाणी निथळत होतं, केस गालाला चिकटले होते. योगेशनं एकदा पाहिलं आणि घाईघाईनं नजर चाकाकडं वळवली.

"अर्धी घागर सांडली," ती म्हणाली.

"दिसलं…"

"काय दिसलं?"

"…घागर," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

पण हसून झाल्यावर त्यानं पुन्हा जॅक लावला. एक पाटा काढला, रबरी बुश बदलले, शॉकअपचे नट पुन्हा आवळले. दुसऱ्या बाजारला पाव घागर सांडली. तिसऱ्या बाजारला फक्त घागरीचा गळा ओला झाला. मिना त्या गळ्यावरून बोट फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले ते योगेशला दिसलं, पण तो हत्यारं पुसत राहिला.

शेवटी नवे ब्रेक बसवले आणि त्यांची हवा काढायचं काम उरलं.

"नळीत हवा राहिली की ब्रेकवर पाय पोकळ जातो," त्यानं सांगितलं. "हे दोन माणसांचं काम हाय. मी खाली चाकाशी राहतो. तुमी आत बसून ब्रेक दाबायचा. मी म्हणेन तेव्हा दाबा, म्हणेन तेव्हा धरा, म्हणेन तेव्हाच सोडा."

मिना चप्पल काढून चालकाच्या जागी बसली. स्टीअरिंगवर हात ठेवला तेव्हा तिला जाणवलं, दादानं गाडी सोडल्यापासून घरातलं कुणी इथं बसलेलं नाही.

"दाबा," खालून आवाज आला.

"दाबलं."

"धरा…" नट सैल झाल्याचा बारीक आवाज, बाटलीत तेलाचे बुडबुडे. "सोडा."

"सोडलं."

"दाबा, मिनाबाई."

"बाई म्हणू नका. शाळेतल्या मास्तरीण बाईवानी वाटतं."

"मग काय म्हणू?"

"नुसतं मिना."

"…दाबा, मिना."

तिनं दाबलं. पत्र्यावर कावळ्यांची पावलं वाजत होती. तो दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता… आणि कदाचित म्हणूनच, आजवर कुणालाच न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"वहिनीला आठवा होता. पोटात दुखाया लागलं म्हणून दादा हिंगोलीला घेऊन निघाला. मी मागं बसले होते, वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन. गाडी अशी उडायची… प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात आवळायची. उतारावर समोर बैलगाडी आली. दादानं ब्रेक मारला अन् गाडी बाजूला ओढत नालीत गेली. लोकं जमून काढेपर्यंत तास गेला." ती थांबली. "पोरगं होतं. दवाखान्यात पोचलो तवर… तवापासून दादानं स्टीअरिंगला हात लावला न्हाई. वहिनी कधी त्याला एक शब्द बोलली न्हाई. ती बोलली असती तर बरं झालं असतं."

मिनाच्या पायाला रग लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ती अजून ब्रेक दाबूनच बसली आहे.

"तुमी सोडा म्हणालाच न्हाई…"

"तुमी बोलत होत्या," योगेश म्हणाला. "सोडा आता. हळू."

चारही चाकं झाली. तो बाहेर आला, दाराशी उभा राहिला.

"आता काही होणार न्हाई ना?" मिनानं विचारलं. "शब्द द्या मला."

"रस्त्याचा शब्द मी कसा देऊ, मिना? बैल मधी येईल, लेकरू मधी येईल… गाडीचा देतो. तुमी दाबलं की थांबंल. अन् सरळ थांबंल."

दुसऱ्या कुणी 'काळजी करू नका' म्हटलं असतं. त्या रात्री मिनाला झोप लागली नाही. एवढा मोजका शब्द देणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

पौषात योगेश गाडी तांड्यावर सोडून गेला. देविदास बाहेर आला नाही. किल्ली खुंटीला अडकली. दुसऱ्या कुणाला गाडी येत नव्हती, आणि तांड्यावर फोन लागत नसे. ठरलं असं, की वेळ आली की कुणीतरी सायकलवर गोरेगावला जाईल आणि योगेशला घेऊन येईल. तरीही दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून तो यायचा. कधी तेल तपासायला, कधी नट बघायला. एकदा मिना म्हणाली, "एवढे नट तर या गाडीला न्हाईतच," तेव्हा तो मान खाली घालून गाडीखाली शिरला. पुढं बोलायचं दोघांनाही जमलं नाही. दिपाचे दिवस भरत होते, आणि घर श्वास रोखून होतं. अशा घरात स्वतःच्या सुखाचा विषय काढायचा कसा?

फाल्गुन आला. शिवारात हळद शिजत होती. होळीला दोन दिवस होते. सकाळी सकाळी दिपाला कळा सुरू झाल्या, आणि जोराच्या. सायकल निघणार, योगेश येणार… तेवढा वेळ नाही, असं जिवनबाई म्हणाली.

सगळे एकमेकांकडं पाहत उभे होते. देविदास घरात गेला. खुंटीवरची किल्ली घेऊन बाहेर आला. कुणाकडंही न बघता त्यानं दार उघडलं.

मागं गादीवर दिपा, तिच्या दोन्ही बाजूंना जिवनबाई आणि मिना. गाडी निघाली. खड्डे आले. गाडी दबली, उठली, पण उडाली नाही. दिपानं डोळे मिटले होते.

गोरेगावात गॅरेजसमोर देविदासनं गाडी थांबवली. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. योगेश हातातला पाना टाकून धावत आला.

"तू चालव," देविदास म्हणाला. "पुढं उतार हाय. माझ्यानं न्हाई होणार."

मागच्या जाळीतून मिना ओरडणार होती… लवकर, लवकर! पण योगेशनं शांतपणे दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"इथवर तुमीच आणली ना, दादा? तुमीच न्यायची. मी बाजूला बसतो."

"अरे, पण…"

"मी हाय. चला."

क्षणभर मिनाला त्याचा राग आला. मग गाडी सुरू झाली.

उतार लागला. आणि शेवटच्या वळणावर शेतातून हळदीनं भरलेली एक बैलगाडी सरळ रस्त्यावर आली. मिनानं दिपाचं डोकं छातीशी धरलं. जिवनबाईनं देवाचं नाव घेतलं.

गाडी थांबली. हिसका नाही, घसरणं नाही. रेघ ओढल्यासारखी सरळ, बैलांपासून दोन हातांवर.

बैलगाडीवाला मुकाट्यानं बैल हाकत पलीकडं गेला. देविदास तसाच बसून होता. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता, दोन वर्षांचं सगळं. योगेशनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, फक्त ठेवला. मग मागून दिपाचा आवाज आला, कळेतून, तुटक…

"अवो… चला ना. मी बराबर हाय."

देविदासनं बाहीनं डोळे पुसले आणि गिअर टाकला.

दुपारी हिंगोलीच्या दवाखान्यात दिपाला मुलगी झाली. काळसर, टपोरी, आणि आवाज असा की सगळा व्हरांडा वळून बघे.

ऊन कललं तेव्हा मिना बाहेर अंगणात आली. योगेश भिंतीच्या सावलीत उभा होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, तिनंही नाही.

"मला तुमचा राग आला होता," ती म्हणाली. "गोरेगावात. स्टीअरिंग धरलं न्हाई म्हणून."

"ठाऊक हाय. तुमचे डोळे दिसले मला आरशात."

"मग काहून न्हाई धरलं?"

"मी चालवली असती तरी लेकरू पोचलं असतं. पण तुमचा दादा तिथंच राहिला असता… त्या नालीत."

मिनानं ओढणीनं डोळे टिपले. तो थोडा पुढं आला, पुन्हा थबकला.

"मिना, मला बोलायला येत न्हाई. गाडीत काय बिघडलंय ते सांगता येतं, माझ्यात काय झालंय ते… तुमी बाजारला येणार म्हणून मी त्या दिवशी दाढी करायचो. कधी ध्यानात आलं?"

"तिसऱ्या बाजारलाच," ती म्हणाली. "गालावर कापलं होतं तुमच्या."

"मग… तुमच्या बाबाला इचारू?"

मिनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग वर पाहिलं. नजर थेट.

"माझं व्हय हाय. पण आधी दादाला इचारा. दोन वर्षं घरातलं काही त्याला कुणी इचारलं न्हाई, अन् त्यानं काही सांगितलं न्हाई. ही पहिली गोष्ट त्याला इचारली गेली पाहिजे."

योगेशनं मान हलवली. नळावर जाऊन त्यानं हात कोपरापर्यंत धुतले, आणि व्हरांड्यात गेला. देविदास बाकावर बसला होता, मांडीवर कापडात गुंडाळलेली लेक. मिना दाराआड उभी राहिली. शब्द ऐकू येत नव्हते. योगेश खाली बघून बोलत होता. देविदास लेकीकडं बघत ऐकत होता. फार वेळ गेला. निदान तिला तरी तसं वाटलं.

"मिने!" देविदासनं हाक मारली. कितीतरी दिवसांनी, तीही मोकळ्या गळ्यानं. "इकडं ये."

ती गेली.

"हा काय म्हणून राहिला, ऐकलंस का?"

"…ठाऊक हाय."

"मग तुझं काय?"

"तू काय म्हणतो, दादा?"

देविदासनं आधी योगेशकडं पाहिलं, मग बहिणीकडं. मग तो हसला.

"मी काय म्हणणार? एकच सांगतो," तो म्हणाला. "नवरीची गाडी मी चालवणार. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार न्हाई."