सेगाची बाजू

भाऊच्या धक्क्यावरून दुपारची लाँच सुटली आणि क्षिप्राच्या मांडीवरचं खोकं बुडाशी उसवलं. चहाचा मग, हेडफोन, एक मरगळलेलं मनीप्लांट... सगळं फळ्यांवर घरंगळलं. तिने ते उचलायची घाई केली नाही. अकरा वर्षं ज्या कचेरीत बसून तिने व्हिडिओ गेम तपासले, ती कचेरी काल बंद झाली होती. वाकायचंसुद्धा तिच्या जिवावर आलं होतं.

समोरच्या बाकावरच्या माणसाने पायाशी आलेली एक वस्तू उचलली. गेम खेळायचा पांढुरका, जाडजूड कंट्रोलर. त्याने तो हलक्या हाताने उलटसुलट करून पाहिला.

“ड्रीमकास्टचा हाय ना?”

तिने मान वर केली. तिच्या टेबलाच्या कडेला तो इतकी वर्षं लटकत होता, पण कचेरीतल्या नव्या पोरांनाही तो ओळखता आला नव्हता.

“ओळखलात?”

“सेगा कंपनीचं शेवटचं गेमचं मशीन. आमच्या घरी हाय अजून.” त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, खोक्याखालून फिरवला आणि वर घट्ट गाठ मारली. “आता जाईल घरापर्यंत.”

त्याचं नाव हितेश. घर रेवसजवळ, तीन ट्रक होते, त्यांतला एक तो स्वतः चालवायचा. चाळिशीला आलेला, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र मऊ. तिनेही सांगितलं... रेवदंड्याला वडिलांची नारळी-पोफळीची वाडी आहे, तिथे चाललेय, दुसरी नोकरी मिळेपर्यंत.

“त्या कंपनीला कुणी न्याय दिला न्हाय बघा,” हितेश कंट्रोलर परत देत म्हणाला. “फोनची वायर जोडून लांबच्या माणसाशी खेळायची सोय त्यांनी मशीनमध्येच दिलेली. आता सगळी तेच करतात. पण नाव घेतं का कोण? दोन हजार एकला मशीन बनवायचंच सोडलं त्यांनी.”

“न्याय कसला? एक मशीन रुजायच्या आत दुसरं बाजारात आणलं. लोकांचा विश्वास उडाला. मी या धंद्यातली आहे, म्हणून सांगते. काम चांगलं होतं एवढ्यावर कुणी लक्षात ठेवत नसतं.”

“तुम्ही सेगाचं बोलताय, का तुमचं?”

क्षिप्राने पाण्याकडे तोंड फिरवलं. लाँचमागून पांढरे पक्षी येत होते, लोकांनी टाकलेले शेव-कुरमुरे वरचेवर झेलत होते.

“दोन्ही,” ती म्हणाली.

रेवसला उतरल्यावर त्याने खोकं रिक्षात ठेवून दिलं. “आमचं मशीन मधेच बंद पडतं. बघाल कधी?”

“मी गेम तपासते हो. मशीन नाही दुरुस्त करत.”

“पण कुठं दुखतंय ते कळत असेल.”

तिने नंबर दिला. का दिला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग मेसेज सुरू झाले. कुठल्या तरी ढाब्यावर ट्रक उभा करून तो सेगाच्या बाजूने एकेक मुद्दा पाठवायचा. ती दोन ओळींत तो खोडून काढायची. पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं, सकाळी उठल्यावर आपण आधी तो मुद्दा शोधतो, नोकरीचे मेल नंतर. झोप मात्र अजून नव्हती. डोळे मिटले की गेममधली तीच एक खोली दिसायची, जिच्यात ती चारशे वेळा शिरून चारशे वेळा बाहेर आली होती.

मुलाखतींसाठी ती मुंबईला जायची आणि परतीच्या लाँचच्या वेळी हितेश जेट्टीवर असायचा. इकडंच काम होतं, म्हणायचा. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “तुमचं काम बरोबर माझ्या लाँचच्या वेळेला निघतं.”

“लाँचच उशिरा येते. न्हायतर काम आटपून गेलो असतो.”

ती हसली. हसताना गाल दुखले, इतकी सवय मोडली होती.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने कपाला हात न लावता सांगितलं, “मेसेजमध्ये सांगितलेला तुमचा तो गेम बघितला. मी खेळलो न्हाय, शेवट बघितला फक्त. नावं येतात ना वरवर जाणारी, ती. साडेअकरा मिनिटं चालली.”

“ती कुणी बघत नाही.”

“मी दोनदा बघितली. पहिल्यांदा तुमचं नाव गावलंच न्हाय.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “दुसऱ्यांदा गावलं. शिप्रा लिवलंय. क्ष खाल्लाय त्यांनी.”

क्षिप्राच्या आईवडिलांनीही ती यादी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. नाव चुकलं हे तिला सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं, आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणून तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने चहा एका दमात पिऊन टाकला... आणि जीभ भाजली.

“रविवारी येते,” ती म्हणाली. “मशीन बघायला.”

रविवारी हितेशच्या आईने, सगुणाबाईंनी, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. “खा बाय, वाळलीस किती,” म्हणत दुसरी भाकरी घातलीच. जेवण झाल्यावर क्षिप्राने मशीन उघडलं. वीज येते तिथल्या पिना काळवंडल्या होत्या. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ती त्या एकेक पुसू लागली.

“बाबांनी आणलेलं,” हितेश शेजारी बसून सांगत होता. “ट्रकवर होते तेव्हा, बंदरावरच्या एकाकडून घेतलं. कधी जिंकले न्हाईत माझ्याशी. मागची चार वर्षं डायलिसिस. आठवड्यात तीनदा न्यायचो, चार चार तास बसायचो. बोलायचं संपलं की सेगावर भांडायचो आम्ही. बाबा म्हणायचे, हरली ती कंपनी, सोड. मी म्हणायचो, न्हाय.” त्याने कापसाचा नवा बोळा तिच्या हातात दिला. “श्रावणात गेले. आता भांडायला कुणी न्हाय.”

त्याच्या डोळ्यांखालचं काळं कुठून आलं ते तिला आता कळलं. तिने पिना पुसून झाकण बसवलं. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. हितेश मुलासारखा पुढे सरकून खेळायला बसला. ती भिंतीला टेकून बघत राहिली. बघता बघता...

जाग आली तेव्हा उन्हं ओसरीवरून उतरली होती. अंगावर सगुणाबाईंची गोधडी होती. हितेश तिथेच बसून खेळत होता, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून.

“किती वेळ झोपले?”

“तीन तास.”

“उठवायचं नाही का?”

“का?”

त्या एका शब्दाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही. “बेंगळुरूहून बोलावणं आलंय. त्याच कामाचं. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय.” मग हळूच म्हणाली, “तुम्ही म्हणालात तर राहीन मी. फार दमलेय, हितेश.”

त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

“तुम्ही राहावं असं लई वाटतं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासनं वाटतं. पण दमलात म्हणून राहू नका. दमलेला माणूस कुठंही टेकतो. उद्या विश्रांती झाली की म्हणाल, मी इथं कशी आले...”

तिला राग आला. ती चपला घालून निघाली, त्याने रिक्षापर्यंत सोडलं.

त्यानंतर नऊ दिवस त्याचा एकही मेसेज आला नाही, तिनेही केला नाही. वाडीत ती झोपली, जेवली, पुन्हा झोपली. वडील, दिनानाथ, सुपाऱ्या सोलत बसायचे. तीही शेजारी बसू लागली. हाताला काम लागलं की राग निवतो हे तिला कळलं, आणि राग निवल्यावर खाली काय उरतं, तेही. तिने बेंगळुरूला नकार कळवला. अलिबागच्या एका संगणक वर्गात शिकवायला माणूस हवा होता, तिथे जाऊन हो म्हणून आली. मग दिनानाथांना हितेशबद्दल सांगितलं. त्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

“ट्रकवाला?”

“हो.”

“आपल्यातला नाही.”

“नाही.”

ते बराच वेळ सोलत राहिले. “झोप लागते का आता तुला?” एवढंच त्यांनी विचारलं.

“लागते, बाबा.”

दहाव्या दिवशी सकाळी ती हितेशच्या अंगणात उभी राहिली. तो ट्रकची काच धूत होता. तिला बघून त्याने नळ बंद केला, पण ओला फडका हातातच राहिला.

“नकार कळवला,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे नाही. मला तिथे जायचंच नव्हतं.”

“मग आज...?”

“आज तुमच्यामुळे आले. आठ तास झोपून, पोटभर खाऊन आलेय. नीट विचारून बघा.”

हितेशने फडका बॉनेटवर ठेवला, ओले हात शर्टाला पुसले. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

“क्षिप्रा... राहशील?”

त्याच्या तोंडी ‘तू’ पहिल्यांदाच आलं होतं. त्याच्या ध्यानात ते आलं नसावं. तिच्या मात्र आलं.

“राहीन,” ती म्हणाली, आणि बॉनेटवरचा फडका उचलून उरलेली काच पुसू लागली.