एक-बारा आणि अकरा-दोन

शीतनिद्रा केंद्रात पहिली माणसं जागी झाली त्या सकाळी एका परक्या माणसानं शालनला पाहून ‘शालू’ अशी हाक मारली. ही हाक फक्त तिचा नवरा दिगंबर मारायचा. आणि दिगंबर तर काचेपलीकडे अजून गोठलेलाच होता.

शीतनिद्रा म्हणजे औषध सापडेपर्यंत रोग्याला गोठवून ठेवणं. गोठताना आठवणी विरतात, म्हणून त्या आधीच उपसून ‘स्मृतिकोशा’त ठेवायच्या आणि जागं करताना परत भरायच्या. त्यांची नक्कल मात्र होत नाही.

कोशप्रमुख डॉ. इरावती टिल्लूंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. प्रत्येकाच्या आठवणींना एक किल्ली, म्हणजे एक आकडा. तो दालनाचा आणि खाटेचा क्रमांक नुसते जोडून बनवलेला. दालनं नऊ होती तोवर निभावलं. पुढे दालनं वाढली. पहिल्या दालनातली बारावी खाट एकशे बारा होतीच, अकराव्यातली दुसरी खाटही एकशे बाराच झाली. एका किल्लीत एकाच्याच आठवणी राहतात. नंतरच्या ठेवल्या की आधीच्या पुसल्या जातात. एवढी शिकलेली मंडळी, आणि मधे एक रेघ मारायचा कंटाळा केला!

“म्हणजे ह्यांच्या आठवणी त्या माणसात गेल्या?” शालननं विचारलं.

“हो. त्याच्या स्वतःच्या कायमच्या गेल्या.”

“मग काढा आणि ह्यांच्यात घाला.”

“काढता येतील, शालनताई. पण मग तो माणूस पुन्हा उठणार नाही. आणि आजच काय ते ठरवायला हवं. उद्या आठवणी त्याच्यात मुरतील, मग निघायच्या नाहीत.”

तो माणूस काचेपाशी उभा राहून स्वतःचाच गोठलेला चेहरा बघत होता. काढा, तो म्हणाला, मला माझ्या अंगात जाऊ द्या. शालनला हायसं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. नवी साडी नेसलेली एक बाई धावतच आत आली. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

“अहो, ओळखलंत ना मला?” तिचे डोळे भरून आले होते.

दिगंबरला कुणाचं रडणं कधीच बघवायचं नाही. त्याच्या ह्याच स्वभावावर शालन भाळली होती. त्यानं एकदा शालनकडे पाहिलं. नाही म्हण, तिनं मनातल्या मनात विनवलं.

“ओळखलं की,” तो म्हणाला.

आणि तो दिगंबरच आहे, अशी शालनची पक्की खात्री पटली.