दुसऱ्या ताईचं नाव

हे माझ्या भाचीच्या बाबतीत घडलेलं आहे. तिने सांगितलं तसंच लिहिते, पदरचं काही घालत नाही.

एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात ती इंटर्न होती. गुरुवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

शाळेची मुलं मातीच्या भांड्यांचं दालन बघून गेली होती. जिन्याखालच्या खोलीत भाची त्यांनी भरून दिलेल्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या वाचत बसली. प्रत्येकीवर शेवटचा प्रश्न एकच – ‘आज तुम्हाला माहिती कोणी सांगितली?’

बहुतेकांनी तिचं नाव लिहिलं होतं.

सात चिठ्ठ्यांवर मात्र... दुसरंच नाव होतं.

सातही चिठ्ठ्यांवर तेच.

तिने पहारेकरी काकांना हसत विचारलं, “काका, माझ्या पोटावर पाय द्यायला कोणी नवीन आलंय का?”

काकांनी नाव वाचलं. ते हसले नाहीत.

“ही तुझ्याच खुर्चीवर बसायची. तू मुलांना वाटतेस ती भांड्यांची पुस्तिका तिनेच केली. वर्षभर खपली पोर. छापून आली, तर वर नाव तुमच्या विभागाच्या मॅडमचं.”

“मग सोडून गेली?”

“अंगात ताप घेऊन यायची. म्हणायची, पुढच्या छपाईत माझं नाव घालणार आहेत.” काकांनी चिठ्ठी परत दिली. “सोडून नाही गं. गेलीच.”

भाचीनेही सहा महिने राबून जुन्या खेळण्यांची पुस्तिका केली होती. ती त्याच दिवशी छापायला जाणार होती.

ती तडक मॅडमकडे गेली.

मॅडमनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि सातही फाडल्या. आवाज मात्र गोड होता.

“मुलं काय, काहीही लिहितात.”

“आणि माझ्या पुस्तिकेवर नाव...”

“इथे माझं-तुझं नसतं, बाळा. प्रमाणपत्र मिळतंय ना तुला?”

ती पेन्सिली गोळा करायला दालनात परतली. तिथे कोणी नव्हतं.

मोठ्या रांजणामागून आवाज आला...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल फिरावी तसा.

ती जवळ गेली. आवाज थांबला. जमिनीवर एक चिठ्ठी होती. शेवटच्या प्रश्नापुढे मोठ्या माणसाच्या अक्षरात एकच शब्द...

‘तुझंही?’

प्रमाणपत्र न घेताच ती घरी आली. पुढे तिची खेळण्यांची पुस्तिका निघाली. वर नाव मॅडमचं. दुसऱ्यांदा छापताहेत म्हणे, इतकी आवडली लोकांना.

परवा शेजारची मुलगी आली. हातात तीच पुस्तिका.

“ताई, काल संग्रहालयात मला ओळख का नाही दाखवलीस?”

“मी?”

“तूच. तू आणि ती दुसरी ताई, दोघी मिळून सांगत होतात ना.”

तिचा तो ‘काल’ म्हणजे भाची तापाने फणफणली होती तो दिवस. दिवसभर अंथरुणात होती. तिच्या उशाशी मीच बसले होते.

ताप अजून उतरलेला नाही. रोज देवाजवळ तेवढं एकच मागते.

आज दुपारी तिचा डोळा लागला, आणि आवाज आला...

खर्र... खर्र...

तिचं नख चादरीवर फिरत होतं. मी वाकून पाहिलं. ती स्वतःचं नाव लिहीत होती.

शेवटचं अक्षर तेवढं राहिलं होतं.

तेव्हापासून मी तिचा हात धरून बसले आहे. दुसऱ्या हाताने हे लिहिते आहे.