डावा व्हॉल्व्ह

फोन खिशात घाला आधी. आणि तो वरचा मोठा दिवा बंद करा, डोळ्यांवर येतो माझ्या. हं, आता कसं! भुताची गोष्ट सांगा म्हणता, पण मी कुठल्यातरी वडापिंपळाची सांगणार नाही. रायनो हक्कालाला तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलंय. कागद गिरणीतला इलेक्ट्रिशियन, उंच, पाठीत वाकलेला, इथे कॅनडात, थंडर बे गावी, आमच्या मागच्याच गल्लीत राहतो तो. ही त्याची हकीकत. गेल्या नोव्हेंबरातली, चौदा तारीख, शुक्रवारची रात्र. तळ्यावरून वारं सुटलं होतं आणि बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

रायनो निघाला होता साध्याच कामाला. क्लिफच्या घरून दोन व्हॉल्व्ह आणायचे, बस.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत तांबूस पेटायचे ना, ते काचेचे. आम्ही पाच-सहा खुळे त्यांच्या नादी लागलेलो. हल्लीची यंत्रं गाणं स्वच्छ ऐकवतात, पण फ्रीजमधून काढल्यासारखं गार. मधे दोन जुने व्हॉल्व्ह बसवा, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या, की त्याच गाण्याला ऊब येते. माणूस पुढ्यात बसून गातंय असं वाटतं. आमच्या बायका हसायच्या. हसू देत. आणि क्लिफ स्टॅडनिक हा आमच्यातला सगळ्यात हट्टी म्हातारा, एक पाय घासत चालणारा. एकटा जीव, ना बायको ना पोर, आणि त्याच्याकडची व्हॉल्व्हची जोडी अशी की गावात तोड नव्हती. रायनोनं किती वेळा मागितली! दर वेळी क्लिफ म्हणायचा, "मी मेल्यावर ने."

आणि त्या मंगळवारी क्लिफ मेला. आपल्या खुर्चीत, तबकडी फिरत असताना. शुक्रवारी सकाळी आम्ही त्याला पुरून आलो.

आता रायनोला एवढी घाई कसली? तर ऐली, त्याची बायको. तीस वर्षं चर्चमध्ये गायली ती. काय गळा होता! घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता हातात छोटी पाटी असते, तिच्यावर लिहून बोलते. तिच्या गाण्याची एकच सीडी, चर्चमधल्या कुणीतरी हौसेनं केलेली. एक प्रत यांच्याकडे, दुसरी लेकीकडे, विनिपेगला. रायनोनं ती एकदा घरच्या यंत्रावर लावली. ऐलीनं निमूट ऐकली आणि पाटीवर लिहिलं, "ही मी नव्हे." पुन्हा म्हणून ऐकली नाही.

ते त्याच्या काळजात रुतलं. शनिवारी ऐलीचा सत्तरावा वाढदिवस होता, आणि त्या दिवशी तिला तिचा आवाज ऐकवायचाच, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. व्हॉल्व्ह बसवायची डबी आणून ठेवली होती. नवे व्हॉल्व्ह घालून पाहिले, पण ऊब काही येईना.

पण आमच्यात एक रीत आहे. टोळक्यातलं कुणी गेलं की त्याचं यंत्र बंद करायचं नाही. पेटतं ठेवायचं. येत्या रविवारी सगळ्यांनी त्याच्या घरी जमायचं, त्याची अर्धी राहिलेली तबकडी शेवटपर्यंत ऐकायची, मग यंत्र विझवायचं, आणि मग काय वाटून घ्यायचं ते घ्यायचं. ही रीत कुणी सुरू केली देव जाणे. मोडली मात्र कुणीच नव्हती.

किल्ली होती पेलतिएकडे. तोही आमच्यातलाच.

"रविवारी जमतोयच ना लेका," पेलतिए म्हणाला. "दोन दिवस दम निघत नाही?"

"रविवारी तू मला शनिवार परत आणून देणार आहेस का?"

"अरे, यंत्र पेटतंय त्याचं."

"मेल्यावर ने म्हणाला होता. मेलाय. दे किल्ली."

पेलतिएनं किल्ली दिली, पण तोंड फिरवून.

क्लिफचं घर तसंच होतं. अंधारात दोन तांबूस ठिपके, खुर्ची, आणि तबकडीच्या अर्ध्यावर कुणीतरी उचलून ठेवलेली सुई. रायनोनं खटका दाबला. व्हॉल्व्ह निवेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला आमच्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक. पण त्या खोलीत थांबवेना. रुमालात धरून त्यानं गरमच उपटले. बोट भाजलं. "च्यायला!" म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी आला तेव्हा ऐली वर झोपली होती. त्यानं व्हॉल्व्ह डबीत बसवले, तापू दिले, कॉफी घेतली, आणि अगदी हळू आवाजात सीडी लावली.

आणि ऐली गायला लागली.

तीच! लग्नाआधी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून गुणगुणायची ती. श्वास घेताना किंचित थांबायची, ते थांबणंसुद्धा. साठी उलटलेला तो बाप्या, ढसाढसा रडला. "हीच गं बाई, हीच," म्हणत राहिला. उद्या ती ऐकेल आणि पाटीवर काय लिहील, तेवढंच त्याच्या डोक्यात.

तेवढ्यात डाव्या स्पीकरमधून पावलं ऐकू आली.

तो दचकला वगैरे नाही हं. जुना व्हॉल्व्ह कधीकधी बोलका असतो. जमीन हादरली की ते हादरे पकडतो आणि स्पीकरमधून ऐकवतो. म्हणजे ऐली उठली असणार.

"ऐली, झोप ना गं. उद्यासाठी ठेवलंय हे."

जिना रिकामा होता.

त्यानं सीडी थांबवली. गाणं थांबलं. पावलं थांबली नाहीत. जड पावलं. एक पाय जरा घासत. खोलीत काहीच वाजत नव्हतं. फक्त स्पीकरमध्ये. आणि दर पावलाला आवाज वाढत होता. म्हणजे चालणारा डबीकडे येत होता...

मग थांबला.

टिंग.

काच वाजली. पोरांनो, आम्ही व्हॉल्व्ह पारखतो ना, तेव्हा पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारतो. तस्सा आवाज. रायनो डबीकडे बघतच होता. डबीपाशी कुणी नव्हतं.

टिंग... टिंग...

डावाच. उजव्याला कुणी हात लावत नव्हतं.

"क...कोण?"

मग खुर्ची करकरली. स्पीकरमध्ये. कुणीतरी जड अंगाचं, सावकाश, टेकून बसल्यासारखी.

रायनोनं खटका दाबला. उजवा व्हॉल्व्ह विझला. डावा नाही. त्यानं प्लगच उपटला. हातात वायर लोंबतेय, आणि डावा पेटलेलाच...

मागे जिन्याची पायरी वाजली. या वेळी खरीखुरी, घरातली. ऐली उभी होती, झोपेतल्या कपड्यांत. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारी बघत होती. तिनं पाटी उचलली, लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली.

"खुर्चीत कोण बसलंय?"

...

रायनो सांगतो, पुढचं त्याला नीट आठवत नाही. ऐलीला त्यानं शेजारणीकडे पोचवलं. डावा व्हॉल्व्ह काढला तेव्हा तो वायरीशिवायही चटका देत होता. दोन्ही रुमालात बांधून त्यानं पेलतिएचं दार बडवलं. पेलतिए लगेच निघाला. पायजम्यावरच कोट चढवून आला. दोघांनी क्लिफच्या घरी व्हॉल्व्ह परत बसवले, तापू दिले, सुई अर्ध्यावर टेकवली, आणि भिंतीला पाठ लावून तबकडी शेवटपर्यंत ऐकली. खुर्चीत कुणी बसलं नाही. दोघांपैकी कुणाची तशी छातीच झाली नाही.

सुई आपोआप उचलली गेली.

"माफी माग," पेलतिए म्हणाला.

"माफ कर क्लिफ. बायकोसाठी केलं रे."

पेलतिएनं यंत्र विझवलं. व्हॉल्व्ह विझले. दोन्ही.

सुटलो, असं त्यांना वाटलं.

शनिवारी संध्याकाळी रायनोनं मेणबत्त्या लावल्या, वेलचीचा गोड पाव कापला, आणि बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. ऐलीनं ऐकून घेतलं. मग तिनंच सीडीकडे बोट केलं आणि लिहिलं, "लाव." तो नको नको म्हणत होता. तिनं पाटी टेबलावर आपटली. "लाव!"

साधंच यंत्र, व्हॉल्व्ह नाही, डबी नाही. आणि उजव्या स्पीकरमधून ऐली गायला लागली. उबदार, सबंध, जशी होती तशी. ऐलीनं मान तिकडे कलती केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं पाटीवर लिहिलं, "ही मी."

डाव्या स्पीकरमधून गाणं येतच नव्हतं. रायनोला वाटलं, वायर सुटली असेल. उठला, वायर दाबून पाहिली. घट्ट होती. मग त्यानं स्पीकरला कान लावला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. संथ. तोंड किंचित उघडं ठेवून... तल्लीन होऊन ऐकणारं माणूस घेतं तसा.

त्यानं ऐलीला काही सांगितलं नाही. ती उजवीकडे कान देऊन हसत होती, तिचं हसू कसं मोडणार?

तेवढ्यात फोन वाजला. विनिपेगहून लेक, कारिना. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आईला शुभेच्छा सांगितल्या, आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "बाबा, आज वाढदिवस म्हणून मी गाडीत आईची सीडी लावली. माझ्याकडची."

"बरं."

"बाबा... डावीकडून आई का ऐकू येत नाही? आणि तिच्याऐवजी श्वास कुणाचा येतोय?"